हाताच्या मापाचा पियानो

कलबुर्गी-आळंद रस्त्यावरच्या कडगंचीत काय किंवा मिरजेत काय, गायला बसणाऱ्याला पेटीवाला आधी विचारतो, "पट्टी कोणती?" पुरुष बहुधा काळी एक सांगतात, बायका काळी चार किंवा पाच. मिरजेचे कारागीरही गायिकेच्या तंबोऱ्याला लहान भोपळा निवडतात. गळ्याप्रमाणे वाद्य बदलावं, यात आपल्याकडे कुणालाच वावगं वाटत नाही.

पियानोवर मात्र हात कितीही लहान असो, सप्तकाचं माप एकच: सात पांढऱ्या पट्ट्या मिळून सुमारे १६५ मिलिमीटर. अंगठा खालच्या सा वर ठेवून करंगळी वरच्या सा पर्यंत पोचवायची, तीही जोरात, वेगात, शेकडो वेळा. ज्यांचा पंजा जेमतेम तिथवर जातो, त्यांचं मनगट आखडतं, हात दुखू लागतो. मग रियाझ कमी पडतो असं म्हणून त्यांनाच दोष दिला जातो, हा खरा अन्याय.

ऑस्ट्रेलियात संशोधक ऱ्होंडा बॉयल आणि सहकाऱ्यांनी ४७३ पियानोवादकांचे पंजे मोजले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साडेआठ इंचांहून कमी पसरणारा पंजा लहान धरला होता. त्या हिशेबाने प्रौढ पुरुषांत २४ टक्के, तर स्त्रियांत ८७ टक्के हात लहान ठरले. म्हणजे बहुसंख्य बायका आपल्यासाठी न बनलेल्या वाद्यावर वाजवतात.

यावर तोडगा आहे, आणि तो नवाही नाही. जोसेफ हॉफमन या ख्यातनाम वादकाचा हात लहान होता. स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. पुढे कॅनडाचे वादक ख्रिस्तोफर डॉनिसन आणि अमेरिकेतले डेव्हिड स्टाइनब्यूलर यांनी दोन मापं ठरवली: सहा इंची आणि साडेपाच इंची सप्तक. साडेपाच इंचीत प्रत्येक पांढरी पट्टी साधारण साडेतीन मिलिमीटरने अरुंद होते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नेहमीच्या पियानोवर कसाबसा सा ते सा गाठणारा हात इथे त्याच्या पुढची पट्टीही सहज घेतो.

त्यासाठी अख्खा पियानो बदलावा लागत नाही. ग्रँड पियानोत पट्ट्या आणि हातोड्यांचा सांगाडा टेबलाच्या खणासारखा बाहेर ओढता येतो. त्या जागी अरुंद पट्ट्यांचा सांगाडा बसवायचा. बोटांकडे जवळ-जवळ असलेल्या पट्ट्या आत मागे पसरत जातात, त्यामुळे प्रत्येक हातोडा आपापल्या तारेवरच पडतो. तारा त्याच, हातोड्यांच्या जागा त्याच. बदलतं ते फक्त बोटांखालचं अंतर.

अडचण आहे ती उपलब्धतेची. घरी अरुंद पट्ट्यांवर तयारी केली, तरी परीक्षेला आणि मैफलीला रुंद पट्ट्याच समोर येतात. म्हणून संस्थांनीच पुढाकार घ्यायला हवा. पुण्या-मुंबईच्या पियानोवर्गांनी नवं वाद्य घेताना निदान एक तरी अरुंद पट्ट्यांचा संच मागवावा, आणि शिक्षकांनी मुलीला अवघड रचना देण्याआधी तिचा पंजा मोजून पाहावा.