एमसीबी असूनही एक्झॉस्ट फॅनची मोटर का जळते?

हॉटेलचं किचन, तळघरातलं पार्किंग अशा ठिकाणच्या मोठ्या एक्झॉस्ट फॅनची मोटर बहुधा थ्री-फेज असते. चालू असताना एक फेज गेली, तर उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट वाहतो आणि वाइंडिंग जळू शकतं. एमसीबी मात्र अनेकदा पडत नाही.

कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते. तो सोसेल असाच एमसीबी निवडतात. त्याचं मुख्य काम वायर वाचवणं. मोटर वाचवतो ओव्हरलोड रिले. तो मोटरच्या नेमप्लेटवरील करंटला सेट करतात.

पण रिले स्वतः पुरवठा तोडत नाही. त्याचा ९५-९६ हा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये हवा. ही जोडणी राहिली, तर रिले ट्रिप होऊनही मोटर चालूच राहते.

कॉइल २४ व्होल्टची असली तरी शेजारीच ४१५ व्होल्ट असतात. म्हणून कंट्रोलच्या वायरी वेगळ्या न्याव्यात. रिसेट ‘मॅन्युअल’वर ठेवावा. ‘ऑटो’वर असल्यास, टायमरवर चालणारा पंखा रिले थंड होताच अचानक फिरू शकतो, आणि तेव्हा कुणाचा हात पात्यांजवळ असू शकतो.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. शेवटी पंखा चालू असताना त्याला रिलेचं टेस्ट बटण दाबायला सांगावं. पंखा थांबला, तरच जोडणी बरोबर.