न सांगण्याजोगे दुखणे

काही दुखणी चारचौघांत सांगता येतात. गुडघा दुखतो म्हटले की शेजारी लगेच तेलाचे नाव सुचवतो. पण उजव्या अंडकोषात ठणका आहे, हे सांगायचे कोणाला? देगलूरला तास घेताना मी टेबलाला टेकून उभा राहायचो. मुलांना वाटे, सर थकले.

२०१९ साली माझे हर्नियाचे ऑपरेशन होऊन जाळी बसवली होती. जखम भरली आणि तीन-चार महिन्यांनी हे दुखणे सुरू झाले. स्कूटरवर बसले की वाढायचे, आडवे झाले की थोडे ओसरायचे. एका डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले. दुसरे म्हणाले, मनाचे आहे. तिसऱ्यांनी वृषणच काढून टाकू म्हटले, तेव्हा मी घाबरून घरी आलो.

दरम्यान मी वेगळ्या खोलीत झोपू लागलो होतो. एके रात्री सौ. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, माझं काही चुकलं का?" अडीच वर्षे तोंड मिटून मी काय केले, हे त्या प्रश्नाने कळले. सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मग हैदराबादला दाखवू या."

आमच्याकडे हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. मोठे दुखणे, मोठे शिक्षण, मोठा कोर्ट-खटला, सगळ्याची वाट तिकडेच. वेदनेशीही त्या शहराचे जुने नाते आहे. क्लोरोफॉर्मची भूल कितपत सुरक्षित, हे तपासणारे दोन आयोग १८८८ आणि १८८९ साली हैदराबादलाच बसले होते.

संगारेड्डीमार्गे बसने गेलो. तिथल्या वयस्कर मूत्रविकारतज्ज्ञांनी उभे करून, झोपवून तपासले. लघवी तपासली, डॉपलर सोनोग्राफी केली. गाठ नाही, फुगलेल्या शिरा नाहीत, पाणी नाही. मग दखनीत विचारले, "पहले किधर ऑपरेशन हुआ, मास्टर साब?" हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता.

त्यांनी समजावले ते असे. अंडकोषाकडे जाणाऱ्या काही नसा जांघेतून जातात. त्यामुळे दुखते एका जागी आणि मूळ असते दुसऱ्याच जागी: जांघेत, कमरेत, कधी मूत्रमार्गातल्या खड्यातही. माझ्या जांघेतली नस ऑपरेशनच्या वणाजवळ डिवचली जात असावी. खात्रीसाठी त्यांनी जांघेत भुलीचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत ठणका थांबला. सौ.चा हात धरून मी लहान मुलासारखा रडलो. आराम काही तासच टिकला, पण मूळ सापडले होते.

पुढे नसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आणखी दोन इंजेक्शने आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम झाले. सूक्ष्मदर्शकाखाली नसा तोडण्याची शस्त्रक्रियाही असते. माझ्यावर ती वेळ आली नाही. दुखणे शून्यावर आलेले नाही. दहापैकी आठ होते, ते दोनवर आहे. आता पूर्ण तास उभ्याने घेतो.

पुरुष वाचकांना हात जोडून सांगतो. अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. गाठ लागली, ती दुखत नसली तरी दाखवा. आणि तीन महिने ठणका राहिला तर जुन्या ऑपरेशनांसह सगळे डॉक्टरांना सांगा. अवयव काढण्याचा सल्ला मिळाला तर आधी दुसरे मत घ्या.

आणि घरी सांगा. माझा उपचार हैदराबादला झाला खरा, पण सुरू झाला तो माझ्याच घराच्या दारात.