लाल खिडकी दिसली की हात थांबला पाहिजे!

सर्व्हरवर दुरून काम करायला आपण पुटी हे फुकट सॉफ्टवेअर वापरतो. त्यात रंग कसा बदलायचा ते व्हिडिओत पाहिलंत. आता का बदलायचा, ते सांगतो.

माझ्या ऑनलाइन दुकानाचे दोन सर्व्हर आहेत, एक चालू आणि एक चाचणीचा. दोन्ही खिडक्या काळ्या. एकदा चाचणीचा समजून चालू सर्व्हरच बंद केला. ऐन दिवाळीत अर्धा तास ऑर्डर ठप्प!

मोठ्यांचंही असं होतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. सुमारे 300 जीबी डेटा उडाला आणि 6 तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. नंतर त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक साधा उपाय होता: चालू सर्व्हरला लाल रंग, चाचणीच्या सर्व्हरला पिवळा.

तुम्ही असं करा:

1. सेव्ह केलेलं सेशन निवडून 'लोड' दाबा.
2. डावीकडे 'विंडो'खाली 'कलर्स' उघडा.
3. 'डिफॉल्ट बॅकग्राउंड' निवडा, 'मॉडिफाय' दाबा. चालू सर्व्हरला गडद लाल द्या, चाचणीच्या सर्व्हरला गडद हिरवा.
4. परत 'सेशन'वर येऊन 'सेव्ह' करा. हे विसरलात तर रंग टिकणार नाही.

एक लक्षात ठेवा, रंग खिडकीचा असतो, सर्व्हरचा नाही. हिरव्या खिडकीतूनच दुसऱ्या सर्व्हरवर गेलात तरी ती हिरवीच राहते. म्हणून काही डिलीट करण्याआधी 'होस्टनेम' टाइप करून सर्व्हरचं नाव बघाच. आणि बॅकअपला पर्याय नाही!