हुर्राक घाटाखालीच बरा

शिमगा सरला, बेळगावच्या बाजारात पहिल्या कैऱ्या दिसू लागल्या की आमच्या मित्रमंडळीत दरवर्षी दोन तट पडतात. एक बियरवाले, दुसरे हुर्राकवाले. बियरवाल्यांचं म्हणणं साधं असतं : कोपऱ्यावर दुकान आहे, बारा महिने मिळते, गार असते, मग घाट उतरायचा कशाला? हुर्राकवाल्यांचं उत्तरही ठरलेलं : बारा महिने मिळतं त्याची वाट कोण बघतंय? आंबा बारा महिने मिळाला असता तर पेटी फोडताना घर गोळा झालं असतं काय?

मी दुसऱ्या तटातला. पण हे पान घरात आजीपासून सुनेपर्यंत सगळे वाचतात, म्हणून आधीच सांगून टाकतो : कुणाला प्यायला लावण्यासाठी हे लिहीत नाही. पिणारा आणि न पिणारा अशा दोघांनाही एकाच झाडाखाली काहीतरी मिळतं, हे मला उशिरा कळलं. कसं कळलं, ते सांगायचं आहे.

बोंडूपासून हुर्राकापर्यंत

काजू हे झाड मुळात ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते इकडे आणलं आणि गोव्याच्या डोंगरउतारांवर ते असं रुजलं, की आता ते परकं होतं हे सांगावं लागतं. आपण कौतुक करतो ते बीचं. माझ्या बायकोच्या माहेरी, धारवाडला, तिला गोडंबी म्हणतात. पण बीच्या वर जे लाल-पिवळं रसाळ फळ असतं तो बोंडू, कन्नडमध्ये गेरु हण्णु. आमच्या खानापूर आणि चंदगड भागातही काजूच्या बागा आहेत. तिथे बी विकली जाते, बोंडू बहुतेक झाडाखालीच सडतो. गोव्यात मात्र त्याचा सण होतो.

तिथली रीत अशी. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून खाली पडलेलाच वेचायचा. बी पिरगाळून वेगळी करायची. मग खडकात कोरलेल्या किंवा बांधून काढलेल्या कुंडात बोंडू पायांनी तुडवायचे. या कुंडाला कोळंबी म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रंही आली आहेत. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचायचा, वेलीने आवळायचा आणि वर दगडांचं वजन ठेवायचं. त्यातून थेंबथेंब जो स्वच्छ रस गळतो तो नीरो. नीरोत नशा नसते. गोड, किंचित तुरट आणि वासाला घमघमीत. पण तो सकाळीच प्यावा, ऊन चढलं की आंबायला लागतो.

तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवला, की पहिल्या धारेला जे मिळतं तो हुर्राक. तो पुन्हा आंबवलेल्या रसात मिसळून उकळला की फेणी. फेणी कडक असते, वर्षानुवर्षं टिकते. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक बिचारा हंगामी पाहुणा. मार्चमध्ये येतो, पावसाच्या आधी जातो. ठेवून दिला तर त्याची चव उतरते.

आणि एक इशारा. चवीला तो सरबतासारखा हलका, पण त्यात साधारण १५ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे साध्या बियरच्या तिप्पट. आमच्यातला एक बियरवाला पहिल्यांदा आला तेव्हा "ह्यात काय हाय?" म्हणत तिसरा ग्लास मागत होता. उठायची वेळ आली तेव्हा त्याला उत्तर मिळालं.

मतं अनेक

हुर्राक कसा प्यावा यावर एकमत नाही, आणि होऊही नये. गोव्यात सर्रास लिम्का, मीठ, लिंबाची फोड आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालतात. आमच्यातला एक म्हणतो, लिम्का घातला की सगळे हुर्राक सारखेच लागतात; मीठ आणि गार पाणी एवढंच हवं. दुसरा म्हणतो, मिरची नसेल तर मी आलोच कशाला? साखळीच्या माझ्या आत्येभावाचं मत, की मार्चचा हुर्राक उग्र, एप्रिलचा खरा, आणि वळवाचा पाऊस पडला की बोंडूत पाणी भरतं, मग पिऊ नये.

चांगला हुर्राक मिळवायचा तर ओळख लागते. अलीकडे तो बाटलीबंदही मिळू लागला आहे, पण जाणते लोक अजून भट्टीवाल्याचं किंवा विश्वासातल्या गावठी बारचं नाव विचारतात. आमच्यासाठी ती वाट म्हणजे जांबोटी, मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी, चोर्ला घाट, मग खाली केरी आणि साखळी.

मावांचे गुडघे

याच वाटेवर २००६ च्या एप्रिलमध्ये माझी फजिती झाली. सासरे, म्हणजे आमचे मावा, निवृत्त शिक्षक. आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही. त्यांना मंगेशीचं दर्शन घडवून परत येत होतो. साखळीला आत्येभावाने दोन बाटल्या हुर्राक दिला. परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणणं गुन्हा, हे मला माहीत होतं. तरी मी त्या फणसाच्या पोत्यात खुपसल्या.

नाक्यावर गाडी थांबली. फणसाचा वास मोठा, पण हुर्राकाचा त्याहून मोठा. बाटल्या बाहेर आल्या. मी घाबरून सांगितलं, "औषध आहे साहेब. ह्यांच्या गुडघ्यांना चोळायला."

अधिकाऱ्याने मावांकडे पाहिलं. मावांनी चष्मा नीट केला आणि शांतपणे म्हणाले, "नन्दल्लरी. नम्म अळियंदु." माझं नाही, आमच्या जावयाचं.

दोन्ही बाटल्या रस्त्याकडेला रिकाम्या झाल्या. नाव-पत्ता लिहून घेतला, समज दिली. तिथून बेळगावपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती. माझं तर मान वर करायचं धाडस नव्हतं. दारात उतरताना मावा तेवढं म्हणाले, "अळियदेवरु, जे जिथे मिळतं ते तिथे जाऊन प्या. माझ्या गुडघ्यांना कशाला मध्ये घालता?"

दारूबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते खोटेपणाबद्दल. तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मावांचाच फोन आला. "त्या फळाचा वास चांगला होता. ते कसं करतात, बघायला मिळेल काय?" आम्ही पहाटे निघालो आणि सकाळी सत्तरीतल्या एका भट्टीवर पोचलो. मास्तरांनी सगळं विचारून घेतलं : किती बोंडू लागतात, आंबायला किती दिवस, कोळंबी कुणी कोरली. भट्टीवाल्या मावशीला कन्नड येईना, मावांना कोंकणी. मी मध्ये उभा राहून दोन्हीकडचं मराठीत करत होतो. शेवटी मावशीने वाटीत नीरो ओतून मावांच्या हाती दिला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, मग वाटी रिकामी केली.

"छलो ऐति," म्हणाले. "पण हा आणायचा झाला तर?"

"आणता येत नाही मावा. दुपारपर्यंत आंबतो."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली.

त्यानंतर सात उन्हाळे आम्ही त्या भट्टीवर गेलो. ते नीरो प्यायचे, मी दुपारी आत्येभावाकडे जेवणाआधी हुर्राक, आणि परतीला गाडी बायको चालवायची. आता मावा नाहीत. तरी आम्ही दरवर्षी उतरतो. नाक्यावर गाडी थांबवली की मी आपणहून डिकी उघडतो. आत फणस असतो, काजूगर असतात, कधी बोंडूची पिशवी. अधिकारी हात हलवतो. बायको हळूच म्हणते, "गुडघे कसे आहेत?"

बियरवाल्या मित्रांना माझं एवढंच सांगणं. तुमची बियर कोपऱ्यावर आहे, सुखाने प्या. पण एकदा एप्रिलमध्ये घाट उतरून या. न पिणारं कुणी असेल तर त्यांनाही आणा. मात्र भट्टीवर सकाळीच पोचा.