स्कूबा सहलीचा बेत शेवटाकडून आखायचा: अंदमानचं उदाहरण

विषय सहलीचा असला तरी हॉटेलं कुठली चांगली आणि फोटो कुठे काढायचे, यावर आज आपण बोलणार नाही. ते सहल कंपनीच्या पत्रकात असतंच. त्या पत्रकात सहसा नसते अशी एक गोष्ट घेऊ: दिवसांचा क्रम. समुद्रात बुडी मारायची असेल तर कोणता दिवस कुठे ठेवायचा हे आपल्या सोयीवर ठरत नाही, ते आपल्या रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनवर ठरतं.

उदाहरण म्हणून अंदमान घेऊ, कारण मराठी माणसं तिथे मोठ्या संख्येनं जातात. नेहमीचा क्रम असा: पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम, मग बोटीनं हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप. तिथे राधानगरचा किनारा आणि स्कूबा. मग परत पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, आणि विमान. सावरकरांच्या कोठडीचं दर्शन आधी घ्यावं ही भावना आम्हाला समजते. पण बुडी मारणाऱ्यासाठी हा क्रम उलटा हवा. का, ते आता बघू.

समुद्रसपाटीवर आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा रेग्युलेटर आपल्याला त्याच दाबानं देतो, म्हणून तर श्वास घेता येतो. (वर्तमानपत्रात हटकून 'ऑक्सिजन सिलिंडर' असं छापून येतं. हौशी डाइव्हमध्ये त्यात साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली.) आता हवेतला जवळजवळ चार-पंचमांश भाग नायट्रोजन आहे. शरीर तो वापरत नाही. पण दाब वाढला की तो रक्तात, चरबीत, सांध्यांत जास्त विरघळतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त.

गोटी सोडा आठवा. बाटली बंद असते तोवर आत बुडबुडा दिसत नाही. गोटी दाबली की दाब एकदम उतरतो आणि सगळी बाटली फसफसते. पाणबुड्या घाईनं वर आला तर शरीराचं काहीसं असंच होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे खांब बांधताना, १८७० च्या दशकात, नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर आल्यावर वेदनेनं वाकत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच विकारानं जायबंदी झाला. पुढे जे. एस. हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्यानं वर कसं यायचं याची कोष्टकं १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. जाता जाता सांगायला हरकत नाही: त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन यानंही दाबाच्या कोठीत स्वतःवर प्रयोग केले. पुढे तो भारतात आला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

आज बहुतेक हौशी पाणबुडे सावकाश वर येतात आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात. तरीही वर आल्यावर सगळा नायट्रोजन बाहेर पडलेला नसतो. तो पुढचे कित्येक तास श्वासावाटे निघत राहतो. आणि या तासांत आपण विमानात बसलो तर?

विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्या इतका नसतो. तो जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीवर असल्यासारखा उतरू शकतो. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे त्याहून पुष्कळ वर. गोटी पुन्हा दाबली जाते. म्हणून डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा दंडक असा आहे: एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, एकाच दिवशी किंवा सलग दिवस अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. टप्प्याटप्प्यानं थांबत वर यावं लागणाऱ्या खोल डाइव्हनंतर त्याहूनही बराच जास्त. आम्ही सरसकट २४ तास धरा म्हणतो, हिशेबाला सोपं पडतं.

आता बेत शेवटाकडून लावू. समजा परतीचं विमान रविवारी सकाळी ११ ला आहे. २४ तास मागे गेलो की शनिवार सकाळचे ११. कागदावर पाहिलं तर शनिवारी पहाटे एक डाइव्ह बसते. पण विमान हॅवलॉकहून सुटत नाही. तिथून पोर्ट ब्लेअरला यायला खासगी जलद बोटीनं दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीनं आणखी जास्त. आणि समुद्र खवळला की बोट रद्द होते. तिथे तिकीट दाखवून भांडण्यात अर्थ नसतो. म्हणून शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळी, शनिवारी बोटीनं परत, आणि शनिवारची दुपार-संध्याकाळ सेल्युलर जेलला. जो दिवस नायट्रोजनसाठी रिकामा ठेवायचाच आहे, तो असा सत्कारणी लागतो. पोचल्या दिवशी मात्र शक्य झाल्यास थेट हॅवलॉकची बोट गाठावी. सोमवारी पोचलात तर मंगळवार, बुधवार, गुरुवार हाताशी राहतात, त्यातला एखादा हवामानानं खाल्ला तरी बिघडत नाही. तीन रात्रींच्या सहलीत स्कूबा कोंबणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं.

हवामानाचं थोडक्यात: नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम, त्यातही जानेवारीनंतर समुद्र बहुधा शांत. मे ते सप्टेंबर नको. आणि एक लक्षात घ्या, अंदमान इतकं पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच आहे, त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. डाइव्हच्या बोटी सकाळी लवकर सुटतात. आदल्या रात्रीचं जागरण आणि मद्य दोन्ही टाळावं. शरीरात पाणी कमी असणं या विकाराला पोषक असतं.

मघाशी श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली: "आम्ही मालवणला स्कूबा करून त्याच दिवशी गाडीनं कोल्हापूरला परत येतो. हे चालतं का?" प्रश्न फार चांगला आहे, कारण विमान म्हटलं की लोक सावध होतात, घाट कुणाच्या लक्षात येत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे, आणि विमानाचे हे नियम ६०० मीटरच्या आसपासच्या उंचीपासूनच लागू होतात. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना नेतात ती बुडी बहुधा उथळ आणि थोडा वेळ असते, त्यामुळे धोका कमी. पण खोल किंवा दोन-तीन डाइव्ह केल्या असतील तर रात्री मालवणात राहा, सकाळी घाट चढा. रात्रीच्या जेवणाला सुरमई मिळेल, तोटा काही नाही.

आता तब्येतीकडे. डाइव्हपूर्वी एक आरोग्य प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधं, असे प्रश्न. ही प्रश्नावली बहुतेकांच्या हातात पडते ती केंद्राच्या दारात, पैसे भरून झाल्यावर, पोरं कपडे बदलून तयार असताना. मग माणूस सगळीकडे 'नाही' लिहितो. बीपीच्या गोळ्या पाच वर्षं चालू असलेला माणूससुद्धा. डाइव्हमधल्या मृत्यूंत हृदयविकार हे एक मोठं कारण आहे, म्हणून आमचा आग्रह: प्रश्नावली तिकिटं काढण्यापूर्वी मागवून घ्या. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर घरच्या डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईनं डाइव्ह करूच नये.

सर्दी असेल तरी बुडी नको. घाटात कानाला दडे बसतात, ते आवंढा गिळला की सुटतात. पाण्यात पहिल्या काही मीटरांतच त्याहून कितीतरी जास्त दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, दुखायच्या आधी. सर्दीनं तो मार्गच बंद असला तर कानाचा पडदा फाटू शकतो. औषध घेऊन तात्पुरतं नाक मोकळं करून जाणारे असतात; खाली असताना औषधाचा असर उतरला तर वर येणं अवघड होतं.

आणि नियमांमधला पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरलेली फुप्फुसं घेऊन श्वास कोंडून वर आलो तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला इजा व्हायला एवढी खोलीही लागत नाही, दीड-दोन मीटर पुरतात.

पोहता येत नसेल तरी प्रशिक्षकाबरोबरची पहिली अनुभव-डाइव्ह करता येते, १२ मीटरच्या आतली. ओपन वॉटरचा अभ्यासक्रम करायचा असेल तर मात्र २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमायला हवं. त्याला तीन-चार दिवस लागतात आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यातला पुस्तकी भाग घरी उरकून जावा. हॅवलॉकला बसून व्हिडिओ बघण्यात सकाळ घालवू नये. डिक्सन्स पिनॅकलसारख्या नामांकित जागा खोल आहेत; नवशिक्यानं त्यांचा हट्ट धरू नये. नीमो रीफवर सुद्धा मासे भरपूर आहेत. प्रवाळाला हात लावायचा नाही, तुकडा पिशवीत घालणं तर वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

केंद्राला फोनवर तीन प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण? बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो का? चालू स्थितीतली सर्वांत जवळची पुनर्दाब कोठी कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस गोंधळला, तर दुसरं केंद्र बघा. आणि आपला प्रवास विमा साहसी खेळांना लागू आहे का हेही वाचा. पुष्कळ पॉलिसींत स्कूबा वगळलेला असतो.

शेवटची चिठ्ठी: "त्रास झाला हे ओळखायचं कसं?" डाइव्हनंतर काही मिनिटांपासून दिवसभरात कधीही सांधा दुखू लागला, हातापायाला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली, पाय लटपटू लागले किंवा विनाकारण गळून गेल्यासारखं वाटलं, तर ते 'दगदग झाली' म्हणून सोडायचं नाही. माणसाला आडवं झोपवायचं, शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, केंद्राला आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. परत पाण्यात उतरवायचं नाही. आणि घरी जाऊन आपल्याच डॉक्टरांना दाखवू म्हणून विमान गाठायचं नाही.