शब्दांचाही मार लागतो

या पानावर आपण बीपी, साखर, अंगावरून जाणं, मुलांचं कुपोषण यांवर बोलत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण आरोग्याचाच आहे. तो म्हणजे आपल्या तोंडातले शब्द.

मी रुग्णालयात नर्स होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला कॅज्युअल्टीत एकोणीस वर्षांचा मुलगा आला. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वेळेत आणला म्हणून वाचला. आई पदर तोंडाला लावून बाहेर बाकावर बसली होती. पहाटे मुलगा सावध झाला. तेवढ्यात एका कर्मचाऱ्यानं त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि म्हणाला, "सिस्टर, हा मिठा दिसतोय." आम्ही हसलो. मीही हसले. मुलानं तोंड भिंतीकडं फिरवलं. सकाळी डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा तो एक शब्द बोलला नाही. कागदावर 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि तो घरी गेला. सलाईन आम्ही लावलं होतं, पण खरं दुखणं सांगायची वाट आम्हीच हसून बंद केली होती.

ऐकणारा कोण, हे आपल्याला माहीत नसतं

वस्तीत हे शब्द रोजचे आहेत. पोरगं रडलं की "बायल्यासारखा रडतोस काय?" कॅच सुटला की "बांगड्या भर." हळदीत कुणी लचकून नाचला की "छक्का". मुलगी पँट-शर्टात फिरली, स्थळं नाकारू लागली की "लग्न लावून द्या, सरळ होईल." बोलणाऱ्याला वाटतं, गंमत केली.

पण त्याच खोलीत कोपऱ्यात अभ्यास करणारं आपलंच लेकरू असतं. त्याला दोन-तीन वर्षांपासून कळलेलं असतं की आपलं मन मुलीकडं नाही, मुलाकडं ओढ घेतं. हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नसतं. शिवी दुसऱ्याला दिलेली असते, पण ती लागते त्याला. तो मनात हिशोब करतो, 'माझं खरं कळलं तर या घरात माझीही हीच गत होणार.' आपण त्याला एक शब्द बोललेलो नसतो, तरी तो आपल्यापासून तुटतो.

हा आजार नाही

स्वतःच्याच लिंगाच्या माणसाबद्दल प्रेम आणि ओढ वाटते त्याला समलैंगिक म्हणतात. ही ना सवय आहे, ना संगतीचा परिणाम, ना आईच्या लाडाचा. तृतीयपंथी असणं ही वेगळी गोष्ट आहे. ती आपण स्त्री की पुरुष, या स्वतःच्या जाणिवेशी जोडलेली आहे. दोघांनाही एकाच शिवीनं हाक मारली जाते, म्हणून गोंधळ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ साली हा आजार नसल्याचं स्पष्ट केलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा ठरणार नाहीत, असा निकाल दिला. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली गैरवर्तन ठरवलं. तेव्हा अशा उपचारांवर पैसा घालवू नका. अंगारे-धुपारे तर आपण १९५६ सालीच सोडले. आणि लग्न हे औषध नव्हे. त्यानं एकाऐवजी दोन आयुष्यं जळतात.

शरीरावर काय होतं?

सतत लपून राहणारं माणूस सतत सावध असतं. कसं चाललो, हात कसा हलला, फोनवर कुणाचं नाव दिसलं, सगळ्याची त्याला भीती असते. असा ताण महिनोन्‌महिने राहिला की झोप उडते, पोट बिघडते, डोकं दुखतं, अभ्यासातून लक्ष जातं. काही जण दारूकडं वळतात. उदासी वाढत जाते. दवाखान्यातही हसतील म्हणून मुलं एचआयव्हीची, गुप्तरोगाची तपासणी टाळतात आणि साधा, बरा होणारा आजार अंगावर काढतात.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, ज्या तरुणांना घरानं खूप झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण फारसं न झिडकारलेल्या तरुणांच्या आठपटीहून जास्त होतं. म्हणजे धोका त्यांच्या स्वभावात नसतो. तो त्यांना मिळणाऱ्या वागणुकीत असतो.

आपल्याला हे वेगळं सांगायला हवं का?

जातीचं नाव शिवीसारखं वापरलं की काय होतं, हे आपल्या आज्यापणज्यांनी भोगलं आहे. 'गंमत केली, एवढं काय मनावर घेता?' हे वाक्य आपण शाळेत आणि ऑफिसात ऐकलेलं आहे. तेच वाक्य आपण आपल्या लेकरांना ऐकवायचं का?

अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा म्हणजे फक्त खोटं न बोलणं नव्हे. चहाडी, कठोर बोलणं, निरर्थक बडबड हेही टाळायचं आहे. आणि १९३४ साली, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरला, कर्वेंना दंड झाला. पण या विषयावर मोकळेपणानं, ज्ञान म्हणून बोललं पाहिजे, या बाजूला बाबासाहेब उभे होते. मग आपण का लाजायचं?

घरात एवढं करा

• बायल्या, छक्का, मिठा, नामर्द हे शब्द शिवी म्हणून वापरू नका. दुसऱ्यानं वापरला तर हसू नका. "आमच्याकडं असं बोलत नाहीत" एवढं म्हटलं तरी पुरे. कोपऱ्यातलं लेकरू ते ऐकतं.

• "लग्न कधी?" हे सारखं विचारू नका. "बरा आहेस ना? काही सांगायचंय का?" असं विचारा.

• मुलानं किंवा मुलीनं सांगितलंच, तर आधी पूर्ण ऐका. काही सुचलं नाही तरी म्हणा, "तू माझंच लेकरू आहेस." मारू नका, फोन काढून घेऊ नका, कोंडून ठेवू नका.

• त्याला न विचारता मामा, काका, शेजारी कुणालाही सांगू नका. ती गोष्ट त्याची आहे.

• मूल एकटं राहू लागलं, जेवण-झोप सुटली, 'मी नसलो तर बरं' असं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर थेट दवाखान्यात न्या.

वडिलांनी एकदम सगळं समजून घ्यावं, असं मी म्हणत नाही. वेळ लागतो. पण समजायला वर्ष लागलं तरी शिवी थांबवायला एक दिवस पुरतो.

त्या पहाटे मी हसले नसते, खुर्ची ओढून त्या मुलाजवळ बसले असते, तर तो कदाचित बोलला असता. त्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. तुमच्या घरातलं लेकरू मात्र अजून तुमच्या समोर आहे.

भवतु सब्ब मंगलं.