पात्र तुमचं, पण गुण कुणी ठरवायचे? ‘डी अँड डी’मधला हिरो असा घडतो

विरारहून चर्चगेट गाठायला सव्वा-दीड तास. बसायला जागा मिळाली, तर तेवढ्या वेळात मोबाइलवर एक अख्खा माणूस तयार करता येतो. एआय फोटो नव्हे, तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच डी अँड डी या खेळातलं पात्र. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली मुलं तळघरात बसून खेळतात, तोच हा खेळ.

यात कुणी एक जिंकत नाही. डंजन मास्टर गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राचं सोंग घेतात. सोंगं पालघर जिल्ह्याला नवी नाहीत. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून ती नाचतातच. पण तिथल्या रावणाचं पुढे काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे फासा पडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

सहा आकड्यांचा माणूस

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, जाण आणि समोरच्यावर पडणारी छाप. त्यांचे आकडे तीन प्रकारे मिळतात. एक म्हणजे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. हे सहा वेळा करायचं. यात १८ पडण्याची शक्यता दीड टक्क्याच्या किंचित वर, म्हणजे निव्वळ नशीब. दुसरा प्रकार २७ पॉइंटचं बजेट खर्च करण्याचा. तिसरा सर्वांत सोपा: १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार आकडे हवे तिथे टाकायचे. हे आकडे बजेटमधून घेतले तरी बरोबर २७ पॉइंटच लागतात.

समजा, अर्नाळ्याच्या होडीवर वाढलेली कोळ्यांची मुलगी घडवायची आहे. तोल सांभाळायची सवय, म्हणून चपळाई १५. वारा-पाणी ओळखते, म्हणून जाण १४. दम १३, ताकद १२, बुद्धी १०. उरले ८, ते छापेत. गोड बोलून काम काढून घेणं हिला जमत नाही!

खरी मजा या ८ मध्येच असते. १०-११ वर बोनस शून्य, पुढे दर दोन आकड्यांमागे एक वाढतो आणि ८ वर उणे १ होतो. एखाद्या कामाला १५ लागत असतील, तर २० बाजूंच्या फाशात बोनस मिळवून तेवढे व्हायला हवेत. बोनस +३ असेल तर शक्यता ४५ टक्के, –१ असेल तर २५ टक्के. पहारेकऱ्याची समजूत काढायला हीच मुलगी पुढे झाली, की टेबलावरचे सगळे डोक्याला हात लावतात.

जन्मावर गुण

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणलेल्या या खेळात दीर्घकाळ एक गोष्ट पक्की होती. पात्र कोणत्या वंशात जन्मलं, त्यावर ते काय होऊ शकतं हे ठरायचं. १९७८ च्या नियमपुस्तकात ‘पॅलाडिन’ हा धर्मयोद्धा फक्त मानवच होऊ शकत होता. इतर वंशांना बहुतेक पेशांत ठरावीक पातळीपुढे बढती नव्हती. स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादाही पुरुषापेक्षा कमी छापलेली होती. काल्पनिक जगातही जन्म आडवा येतो, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

स्त्रियांवरची मर्यादा १९८९ मध्ये गेली, वंशांवरची बंधनं २००० मध्ये. तरी वंशाचा बोनस उरलाच होता. २०२० च्या एका पुस्तकानं तो हव्या त्या गुणाला देण्याची मुभा दिली. २०२४ च्या आवृत्तीत ‘रेस’ जाऊन ‘स्पीशीज’ हा शब्द आला आणि बोनस जन्माऐवजी ‘बॅकग्राउंड’ला, म्हणजे पात्र आधी काय करत होतं याला जोडला गेला. असे पर्याय १६ आहेत. शेतकऱ्याला ताकद, दम, जाण; खलाशाला ताकद, चपळाई, जाण. यातल्या एकाला २ आणि दुसऱ्याला १ देता येतो. आपली मुलगी खलाशी, त्यामुळे चपळाई १७, जाण १५.

फुकटात काय मिळतं?

पुस्तकं महाग आहेत. पण २०२३ मध्ये लायसन्स बदलण्याच्या हालचालींवर चाहते भडकले आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीनं मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. नव्या आवृत्तीचे मूळ नियमही २०२५ पासून इंग्रजी पीडीएफमध्ये मोफत आहेत.

मात्र मोफत नियमांत बॅकग्राउंड चारच: देवस्थानचा सेवक, गुन्हेगार, विद्वान आणि सैनिक. खलाशी नाही, शेतकरीही नाही. चपळाईचा बोनस हवा असेल, तर अर्नाळ्याच्या मुलीला सैनिक तरी व्हावं लागेल किंवा गुन्हेगार. गणितात नुकसान नाही. उलट सैनिक केली तर दम १३ चा १४ होतो आणि बोनस वाढतो. पण मग ती होडीवरून उतरून छावणीत गेलेली असते.

यावर उपाय डंजन मास्टरच्या हातात आहे. होडीवरच्या आयुष्याला साजेसे तीन गुण आणि दोन कौशल्यं ठरवायची, बॅकग्राउंडला ‘कोळी’ नाव द्यायचं. टेबलावरच्या सगळ्यांनी हो म्हटलं, की झालं. फासे विकत घेण्याचीही घाई नको. गुगल सर्चमध्येच २० बाजूंचा फासा टाकता येतो, तोही चालत्या लोकलमध्ये.